हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

केनियाला जायचं ठरलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी मसाई मारा धरतात, सिंह बघतात आणि परतताना सरोवराकाठच्या नाईवाशाला एक रात्र झोपण्यापुरती थांबतात. त्या मुक्कामापासून अर्ध्या-पाऊण तासावर हेल्स गेट आहे. जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचं हे उद्यान १९८४ साली जाहीर झालं. आफ्रिकेतल्या बहुतेक अभयारण्यांत गाडीतून खाली पाय ठेवायला परवानगी नसते. इथे तुम्ही सायकलवरून किंवा पायी, झेब्रे आणि जिराफ चरत असलेल्या मैदानातून जाऊ शकता. दोन्ही बाजूंना लाव्हाचे उभे कडे, पुढे डोंगरातून वर येणारी वाफ. सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाने आफ्रिकेची सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिंह, हत्ती बघायचेच असतील तर हे ठिकाण त्यासाठी नाही. इथे बिबट्या आहे, पण दिसेल याची खात्री नाही. इथे बघायची ती जमीन, आणि त्या जमिनीवर निवांत चरणारी जनावरं. म्हणूनच हेल्स गेटला दोन तासांत उरकू नका, पूर्ण दिवस द्या.

निघण्याआधीची कागदपत्रं

केनियात आता विमानतळावर उतरून व्हिसा मिळत नाही. जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ई-टीए, लागतो. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. सर्च केल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि त्याच कामाचे जास्त पैसे घेतात. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग हाताशी ठेवून निघायच्या दोन आठवडे आधी अर्ज भरला तर जिवाला घोर राहत नाही.

यलो फीव्हरची लस मात्र त्याच्याही आधी घ्यायची. केनिया या रोगाच्या यादीत येतो, त्यामुळे तिथून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात उतरताना लसीचं पिवळं कार्ड मागतात, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तिथेही आठवड्यातले ठरावीक वार असतात, म्हणून आधी फोन करून नाव नोंदवा. साठीपुढची मंडळी, गरोदर महिला आणि अंड्याची ॲलर्जी असणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

सामान भरताना

प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून सुरुवात करा, कारण आपल्याला त्यांची फार सवय आहे. केनियात २०१७ पासून कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, ताटल्या आणि स्ट्रॉ न्यायलाही मनाई आहे. चिवडा, खाकरा, दशम्या जे काही घेऊन जाणार असाल ते डब्यांत भरा, कपडे कापडी पिशव्यांत ठेवा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी मावेल इतक्या स्टीलच्या बाटल्या घ्या. उद्यानाच्या आत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका.

नाईवाशा विषुववृत्ताच्या एक अंशाच्या आत आहे आणि समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० मीटर उंचीवर. त्यामुळे पहाटे स्वेटर लागतो आणि अकरा वाजता ऊन कातडी भाजून काढतं. हवा गार लागते म्हणून ऊन कळत नाही, आणि संध्याकाळी मान लाल झालेली असते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मानेवर येणारी टोपी, सनस्क्रीन आणि तोंडाला बांधायला एक पंचा किंवा रुमाल. रस्त्यावरची धूळ म्हणजे ज्वालामुखीची बारीक राख असते, ती नाकात आणि कॅमेऱ्यात सारखीच शिरते. बूट ट्रेकचे, चांगल्या ग्रिपचे असू द्या. दुर्बीण असेल तर जरूर न्या, कड्यांवरची गिधाडं तिच्याशिवाय नुसते ठिपके वाटतात. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागेल.

जून ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने सोयीचे. मार्च ते मे मोठा पाऊस असतो. तेव्हा मैदान हिरवंगार होतं हे खरं, पण पुढे सांगणार आहे त्या घळीचा धोका वाढतो.

नैरोबीहून नाईवाशा

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास. तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे. उतरल्यावर स्थानिक सिमकार्ड घेऊन त्यावर एम-पेसा सुरू करून घ्या. केनियात भाजीवाल्यापासून सायकलवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवरून पैसे घेतात. आपल्या यूपीआयची सवय असलेल्याला ते अजिबात जड जात नाही.

नाईवाशा नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटर, रस्त्याने दोन-अडीच तास. स्वस्तात जायचं तर मटाटू, म्हणजे तिथली वडाप. सीट भरल्या की निघते. चार-पाच जण असाल तर गाडी ठरवणं परवडतं, शिवाय वाटेत थांबता येतं. आणि इथे थांबायलाच हवं. नैरोबीचं पठार संपतं तिथे जमीन एकदम खाली कोसळते आणि समोर ग्रेट रिफ्ट व्हॅली उघडते. आफ्रिकेचं भूकवच इथे दर वर्षी काही मिलिमीटर या वेगाने दोन बाजूंना ओढलं जातंय, मधली पट्टी खचते आहे आणि पातळ झालेल्या त्या पट्टीतून लाव्हा वर येत आला आहे. दरीच्या तळाशी दिसणारा, माथा छाटल्यासारखा डोंगर म्हणजे लाँगोनोट ज्वालामुखी. पुढचे दोन दिवस जे काही बघणार आहात त्याचं मूळ या एका जागेवरून समजतं, म्हणून दहा मिनिटं द्या.

मुक्काम नाईवाशा गावात न करता सरोवराच्या दक्षिण काठच्या मोई साउथ लेक रोडवर करा. तंबूपासून चांगल्या हॉटेलांपर्यंत सगळं आहे आणि उद्यानाचा फाटा तिथून जवळ पडतो. सरोवरातले पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात. कॅम्पच्या कुंपणापलीकडे अंधारात पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच. पाणघोड्याने माणसं मारल्याच्या घटना या काठावर झालेल्या आहेत.

जेवणाची चिंता शाकाहारी माणसानेही करू नये. चपाती हा केनियाचा रोजचा पदार्थ आहे. तिच्यासोबत न्डेंगू मागा, ती हिरव्या मुगाची दाटसर उसळच असते. सुकुमा विकी नावाची पालेभाजी आणि गिथेरी, म्हणजे मका-राजमा एकत्र शिजवलेला पदार्थ, कुठल्याही टपरीवर मिळतो. तिखट मात्र आपलं आपण न्यावं.

तिकीट आणि सायकल

केनियातली राष्ट्रीय उद्यानं केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस सांभाळते. तिकिटाचे पैसे रोख घेत नाहीत, सरकारी पोर्टलवरून कार्डाने किंवा एम-पेसाने भरायचे. ते आदल्या रात्रीच भरून पावती फोनमध्ये ठेवा. परदेशी पाहुण्याचा दर डॉलरमध्ये असतो, केनियात नोकरी-धंद्यानिमित्त राहणाऱ्यांना रहिवाशांचा दर लागतो. नैरोबीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपलं ओळखपत्र न विसरता न्यावं, फरक बराच पडतो. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा जुन्या लेखांमधल्या आकड्यांवर हिशोब मांडू नका.

सायकली फाट्यावर आणि मुख्य प्रवेशद्वारापाशी, म्हणजे एल्सा गेटला, भाड्याने मिळतात. घासाघीस चालते, पण भाड्यापेक्षा सायकलकडे लक्ष द्या. दोन्ही ब्रेक दाबून बघा, गिअर चढवून-उतरवून बघा, टायर अंगठ्याने दाबा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या आणि शंभर मीटर चालवून मगच पैसे द्या. बाभळीचे काटे जागोजागी पडलेले असतात, म्हणून हवेचा पंप आणि पंक्चर काढायचं सामान मागून घ्या. ते द्यायला तयार नसेल तर शेजारच्याकडे जा. मालकाचा फोन नंबरही घ्या.

दार सकाळी सहाला उघडतं. साडेसहापर्यंत आत असाल तर जनावरं रस्त्याच्या कडेला असतात आणि कड्यांवर कोवळं ऊन असतं. दहानंतर दोन्ही गोष्टी संपतात.

कड्यांमधून

आत शिरल्याबरोबर डावी-उजवीकडे बघण्यापूर्वीच समोर सुळका येतो. फिशर्स टॉवर, सुमारे २५ मीटर उंच. जर्मन प्रवासी गुस्ताव फिशर १८८३ मध्ये इथवर आला होता, त्याच्यावरून हे नाव पडलं. मसाई लोक मात्र वेगळी कथा सांगतात. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीला मागे वळून पाहू नको असं बजावलं होतं, तिने एकदा माहेराकडे वळून पाहिलं आणि ती तिथेच दगड झाली. सुळक्याच्या पायथ्याशी सशाएवढे, बिनशेपटीचे करडे प्राणी उन्हात बसलेले दिसतील. ते रॉक हायरॅक्स. उंदराचे भाऊबंद वाटतात, पण त्यांचं जवळचं नातं हत्तीशी आहे. माणसांची सवय झाल्यामुळे ते खाऊ मागायला येतात. देऊ नका.

सुळक्यापासून पुढे कच्चा रस्ता लाल-पिवळ्या कड्यांच्या मधून जातो. इथे सायकल बाजूला लावून कड्याच्या अंगाकडे नीट बघा. खडक उभ्या, कोनाकोनांच्या खांबांत फुटलेला दिसतो. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो आणि त्याला वरून खाली अशा भेगा पडत जातात. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच प्रक्रियेतून घडली आहे. फरक आहे तो लाव्हाच्या जातीत आणि वयात. आपला दख्खनचा लाव्हा पातळ होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरवर पसरला आणि कधीचाच थंड झाला. इथला लाव्हा सिलिकाने भरलेला, चिकट, जागच्या जागी साचणारा. आणि या परिसरातला सगळ्यात अलीकडचा प्रवाह काही शतकांपूर्वीचाच आहे.

हा चिकट लाव्हा झटकन थंड झाला की त्याची काळी काच होते, ऑब्सिडियन. रस्त्याच्या कडेला तिचे तुकडे उन्हात चमकताना दिसतात. हातात घेऊन कड बघा, कागदासारखी धारदार असते. अश्मयुगातली माणसं याच काचेची पाती बनवत, आणि नाईवाशाच्या परिसरातली काच फार दूरवर पोहोचलेली सापडली आहे. बघून झाल्यावर तुकडा होता तिथेच ठेवा. उद्यानातून दगड नेणं गुन्हा आहे, आणि जो येतो त्याने एकेक उचलला तर पुढच्यांना काय दिसणार?

मैदानात राखाडी-हिरवी झुडपं सगळीकडे दिसतील, त्यांना लेलेश्वा म्हणतात. एक पान चुरगळून नाकाशी धरा, कापराचा वास येतो. मसाई लोक ही पानं अंगाला सुवास यावा म्हणून काखेत ठेवतात.

जनावरांमध्ये झेब्रे, जिराफ, थॉमसन्स गॅझेल, कोंगोनी, ईलँड ही हरणासारखी जनावरं आणि शेपटी झेंड्यासारखी उभी धरून पळणारी रानडुकरं, म्हणजे वॉर्टहॉग, हमखास दिसतात. यांच्यापासून धोका नाही, फक्त अंतर राखा. सायकल हळूहळू थांबवा आणि उभे राहा, जनावर मान वर करून बघतं आणि पुन्हा चरायला लागतं. जीपच्या मागे धूळ उडवत धावणाऱ्यांना हा क्षण कधी मिळत नाही.

केप बफेलोच्या बाबतीत मात्र कसलीही सूट नाही. आपल्या गव्यासारखा शांत दिसतो, पण अंगावर आला तर माणसाला पळायला वेळ मिळत नाही. कळप रस्त्याच्या जवळ असेल तर लांबूनच थांबा, मागे फिरा आणि कळप सरकेपर्यंत किंवा एखादी गाडी येईपर्यंत वाट बघा. गाडी आली की तिच्या आडोशाने पुढे जा. एकटा नर झुडपात बसलेला असू शकतो, म्हणून लघवीसाठीसुद्धा झाडोऱ्यात आत शिरू नका. पिल्लू आणि आई यांच्या मधून कधीही सायकल काढू नका. बबून माकडांसाठी एकच सांगणं: सॅक बंद आणि खांद्यावर.

कड्यांवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले की तिथे दुर्बीण लावा. ती रुपेल्स गिधाडांची घरटी असतात. ही जात आता अतिसंकटग्रस्त आहे, तेव्हा कड्याखाली आरडाओरडा नको. पाकोळ्यांचे थवेही याच भेगांमध्ये राहतात, सकाळी त्यांचा आवाज दोन्ही कड्यांवर आपटत राहतो.

घळ: पावसाचा अंदाज असेल तर जाऊ नका

एल्सा गेटपासून सात-आठ किलोमीटरवर रस्ता ओल न्जोरोवा घळीच्या तोंडाशी येतो. नाईवाशाचं सरोवर एकेकाळी आजच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, ते भरून दक्षिणेला वाहायचं आणि त्या पाण्याने राखेच्या मऊ थरांतून ही घळ कोरली. आत उतरलं की दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की हात पसरून दोन्हींना टेकतात. भिंतींत राखेचे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात, प्रत्येक पट्टा म्हणजे एकेक उद्रेक. काही ठिकाणी भिंतीतून गरम पाणी पाझरतं. तिथला खडक हिरवा-तांबूस झालेला असतो आणि पाणी हात पोळण्याइतकं कढत असू शकतं, बोट लावण्याआधी वाटाड्याला विचारा.

स्थानिक मसाई वाटाड्याशिवाय घळीत उतरू नका. त्याचे पैसे आधी ठरवा आणि नीट द्या, या लोकांची रोजीरोटी त्यावर आहे.

आता धोक्याचं. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या घळीत अचानक लोंढा आला आणि दोन्ही वेळी सहलीला आलेली माणसं वाहून गेली. २०१९ मध्ये त्यांच्याबरोबरचा वाटाड्याही गेला. पाऊस तुमच्या डोक्यावर पडावा लागत नाही. दूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस उघड्या उतारांवरून थेट घळीत येतो, आणि अरुंद जागेत पाणी काही मिनिटांत माणसाच्या उंचीवर चढतं. वर चढून जायला वाटा मोजक्याच आहेत. म्हणून तिकिटाच्या खिडकीवर घळ आज उघडी आहे का, हे रोजच्या रोज विचारा. बंद असेल तर कुणी पैसे घेऊन गुपचूप नेतो म्हणाला तरी जाऊ नका. उघडी असली तरी सकाळीच उतरा, दुपारच्या ढगांची वाट बघू नका, आणि क्षितिजावर कुठेही काळं दिसलं की वरूनच बघून परत फिरा. लहान मुलं आणि गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं वर सावलीत थांबलेली बरी.

वाफेचे नळ आणि परतीचा रस्ता

घळीच्या पलीकडे ओल्कारियाचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. आफ्रिकेतलं हे या प्रकारचं पहिलं मोठं केंद्र १९८१ साली सुरू झालं, म्हणजे उद्यान होण्याच्याही आधी. दोन-तीन किलोमीटर खोल विहिरी खणून तापलेल्या खडकातली वाफ वर आणतात आणि तिच्यावर जनित्रं फिरवतात. केनियाच्या विजेचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा आता जमिनीच्या अशा उष्णतेतून येतो. उद्यानातून चंदेरी नळ धावताना दिसतात आणि मधेच उंच कमानी करतात, जिराफांना खालून जाता यावं म्हणून. काहींना हे नळ डोळ्यांत खुपतात. गिधाडांच्या कड्यांजवळ नवी कामं निघतात तेव्हा मलाही काळजी वाटते, पण जमिनीच्या पोटातली आग अजून विझलेली नाही याची इतकी उघड खूण दुसरी नाही, म्हणून हा भाग टाळू नका. जवळच या गरम पाण्यावर चालणारा मोठा तलावही आहे, सायकलने आंबलेल्या पायांना तो फार बरा वाटतो. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल सॅकमध्ये असू द्या.

दमछाक होण्याइतकी ताकद शिल्लक असेल तरच बफेलो सर्किट नावाच्या दुसऱ्या रस्त्याला वळा. चढ आहे, धूळ जास्त आहे आणि नावाप्रमाणे बफेलोही जास्त आहेत, त्यामुळे तो भाग गाडीतून केलेला चांगला. परतीचा रस्ता एल्सा गेटपर्यंत हलका चढाचा आहे. सकाळी तो उतार असल्यामुळे लक्षात येत नाही, दुपारी ऊन आणि वारा असताना चांगलाच कळतो. म्हणून निम्मं पाणी परतीसाठी राखून ठेवा आणि तीनच्या सुमारास निघा. विषुववृत्तावर संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. साडेसहाला सूर्य गेला की लगेच अंधार पडतो आणि तोवर तुम्ही उद्यानाबाहेर असायलाच हवं.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

लाँगोनोट चढा. ते वेगळं राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीटही वेगळं. माथा २,७७६ मीटरवर. दारापासून विवराच्या ओठापर्यंत तास-दीड तासाची खडी चढण, पायाखाली सुटी राख. ओठावर पोहोचलं की आत खोलवर हिरवं जंगल दिसतं, भोवती उभी भिंत. विवराची पूर्ण प्रदक्षिणा सुमारे सात किलोमीटर, वर-खाली करत जाणारी. राजगड-तोरणा करणाऱ्यांना जमेल, पण सावली जवळजवळ नाही, म्हणून सातच्या आत चढायला लागा. प्रदक्षिणा घड्याळाच्या उलट दिशेने घ्यायची की सुलट, हे दारावरच्या रेंजरला विचारा, कुठला टप्पा निसरडा झालाय ते त्याला माहीत असतं. उतरताना काठी असेल तर गुडघे वाचतात. शक्यतो रविवार टाळा, कारण त्या संध्याकाळी अख्खं नैरोबी सुट्टीवरून परतत असतं आणि घाटात ट्रकांच्या मागे तासन् तास अडकायला होतं. त्याच रात्रीचं परतीचं विमान असेल तर दुपारी दोनच्या आत नाईवाशा सोडा.